चूल पेटते तिथून मोजा

लिलाबाई पट्टेबहादूर ऑफिसात शिरली की कारकून आधी कपाळाला हात लावतात आणि मग पेन शोधतात. कारण ही बाई वाचल्याशिवाय सही करत नाही. आणि वाचते कशी, तर बोटाखाली एकेक अक्षर धरून, ओठ हलवत. मागं रांग कितीही लांबो, तिला काय त्याचं! बावन्नाव्या वर्षी, घरात सून आल्यावर, विहारातल्या रविवारच्या वर्गाला बसून ती वाचायला शिकली. इतक्या उशिरा हाती आलेली अक्षरं ती काय अशीच उधळणार होय?

तिचं गाव रिसोड तालुक्यातलं, केनवडच्या पुढचं. गाव नाल्याच्या अलीकडे आणि बौद्धांची बावीस घरं पलीकडे. त्या घरांच्या डोक्यावर सहा वर्षांपासून गिट्टीचा क्रशर घरघरतो. मळलेल्या कणकेवर धूळ, दांडीवरच्या लुगड्यावर धूळ, आणि ग्यानबाच्या, म्हणजे लिलाबाईच्या नवऱ्याच्या, छातीत धूळ. वाशीमच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, की धूळ सोडा. सोडा म्हणे! यांनी काय हौसेनं धरली होती का तिला?

मग लिलाबाईनं सुनेकडून, धम्मदीपाकडून, पहिला अर्ज लिहून घेतला. ‘आमच्या वस्तीवर क्रशरची धूळ येते.’ सरळ साधं वाक्य. चार महिन्यांनी उत्तर आलं: ‘सदर वस्ती गावठाणाच्या हद्दीबाहेर असल्याने अंतराची अट लागू होत नाही.’ लिलाबाईनं ते तीनदा वाचलं. अंतर मोजायचं ते गावठाणापासून, म्हणजे नकाशातल्या गावाच्या रेघेपासून, आणि यांची घरं त्या रेघेच्या बाहेर. तिचं डोकंच फिरलं. आजे-पणजे वेशीबाहेर राहिले ते काय स्वतःच्या मर्जीनं? गावानंच ठेवलं होतं त्यांना बाहेर. आणि आता सरकार म्हणतं, तुम्ही बाहेर आहात म्हणून तुम्हाला मोजणार नाही!

त्याच उन्हाळ्यात धम्मदीपाला मोबाइलवर एक बातमी दिसली. धुळीच्या धंद्यांवर आणि लोकांच्या तब्येतीवर राज्याचा नवा कायदा होणार, मसुदा निघाला, हरकती मागवल्या. लिलाबाईनं मसुदा छापून आणायला लावला आणि ओसरीत बसून दोन दिवस वाचला. सातव्या कलमावर बोट थांबलं. ‘गावठाणापासून पाचशे मीटर.’ कायदा नवा आणि शब्द तोच जुना.

तिनं बैलांचे दोन कासरे जोडले, दुकानातल्या टेपावर दहा मीटर भरवून दोन्ही टोकांना गाठी मारल्या. आपल्या उंबऱ्यापासून क्रशरच्या फाटकापर्यंत तो कासरा अकरा वेळा पडला. एकशेदहा मीटर. गावठाणापासून मात्र क्रशर सहाशेवर, म्हणजे कागदोपत्री एकदम सोवळा. मग कासरा खांद्यावर टाकून सासू-सून एसटीनं थेट मानोऱ्याकडे गेल्या. तिथल्या एका तांड्यावर धनीबाई नावाची बाई होती, ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली. तिच्या तांड्याच्या उशालाही क्रशर होता आणि तिचा तांडाही गावठाणात नव्हता. धनीबाईनं कासऱ्याचं एक टोक धरलं ते सोडलंच नाही. पावसाळ्यापर्यंत बायांनी अशा नऊ वस्त्या मोजल्या आणि हरकतीच्या अर्जावर घरटी एक सही घेतली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांना लिलाबाईनं आधी मजकूर वाचून दाखवला, मगच अंगठा लावू दिला.

वाशीमला हरकतींच्या सुनावणीची तारीख लागली आणि क्रशरवाले रामराव स्वतः ओसरीत येऊन टेकले. चहा घेतला, ग्यानबाच्या खोकल्याची चौकशी केली. गावात, शाळेमागं, आपला एक प्लॉट रिकामा आहे, तो लिलाबाईच्या नावावर करून देतो, घरकुलही बसवून देतो, म्हणाले. धुळीपासून लांब. बदल्यात एवढंच, की त्या दिवशी वाशीमला जायचं नाही.

खोटं कशाला सांगायचं, लिलाबाई डळमळली. रात्रंदिवस तो खोकला तीच ऐकत होती. डॉक्टरनं सांगितलेली दुसरी हवा सहाशे मीटरवर होती आणि ती आयती चालून आली होती. दोन दिवस तिचं कशात लक्ष लागेना, भाजीत मीठ दोनदा पडलं. शेवटी ग्यानबाच बोलला, मधे दम घेत. ‘‘आपून गेलो तरी एकवीस घरं उरतीनच ना. त्याहिच्या छात्या काय दगडाच्या हायेत?’’ त्यावर लिलाबाई मोठ्यानं रडली. मग तोंड धुतलं आणि रामरावांना निरोप धाडला, की प्लॉट ठेवा तुमच्यापाशीच.

वाशीमच्या सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर क्रशरवाले, मागं उभे बाकीचे. माणशी दोन मिनिटं. लिलाबाईनं टेबलावर सह्यांचा गठ्ठा ठेवला, त्यावर कासरा ठेवला, आणि सातव्या कलमातलं ‘गावठाण’ काढा म्हणून सांगितलं. मुंबईहून आलेले साहेब भले दिसत होते. त्यांनी मान डोलावली, कारकुनानं लिहून घेतलं आणि सहीला कागद पुढं केला. लिलाबाईनं बोट टेकवलं. गावठाणाच्या जागी आता होतं, नि-वा-सी क्षे-त्र. पुढच्या खुर्च्यांवर कुणीतरी खाकरलं. ती तशीच वाचत राहिली.

मग तिनं विचारलं, की या निवासी क्षेत्रात आमी येतो का? साहेबांनी घोटाळत सांगितलं, की तसं जाहीर झालेलं असेल तरच. ‘‘मंग खोडा,’’ लिलाबाई म्हणाली. ‘‘चूल पेटते तिथून मोजा, असं लिवा.’’

सभागृह हसलं. साहेबही हसले आणि कायद्यात चूल वगैरे बसत नाही म्हणाले. मग जरा पुढं झुकून, समजूत घातल्यासारखं बोलले, ‘‘बाई, असं लिहिलं तर जिल्ह्यातले निम्मे क्रशर हलवावे लागतील.’’

लिलाबाईनं कागदावरचं बोट उचललं.

‘‘म्हंजे निम्मे क्रशर घराईपाशी हायेत, हे तुमाले पयलेच ठाऊक होतं.’’

मागून धनीबाईनं तिच्या बोलीत काहीतरी सणसणीत सुनावलं, ते कारकुनाला कळलं नाही हे त्याचं नशीब. साहेबांनी कागद स्वतःकडे ओढला, जुनं खोडलं आणि आपल्या हातानं लिहिलं: ‘गावठाणात असो वा नसो, जिथे चूल पेटते अशा प्रत्येक राहत्या घरापासून.’ लिलाबाईनं ते अक्षर न अक्षर वाचलं. सहा मिनिटं लागली. मग सही केली, पूर्ण नावानिशी, ‘पट्टेबहादूर’ला जागा कमी पडली तर समासात शिरून.

क्रशर अजून चालू आहे. कायदा अजून झालेला नाही. पण हिवाळ्यात सुधारलेला मसुदा आला आणि धम्मदीपा तो घेऊन पळतच घरी आली. सातव्या कलमात गावठाण नव्हतं. चूलही नव्हती. होतं ते ‘ग्रामपंचायतीकडे नोंद असलेले राहते घर’. धम्मदीपानं सासूला मिठीच मारली. सासूचं बोट मात्र ‘नोंद’वर अडकलं होतं. नाल्यापलीकडच्या बावीसपैकी नोंद फक्त पाच घरांची, आणि तिचं स्वतःचं घर त्या पाचांत होतं.

खाटेवरून ग्यानबानं विचारलं, ‘‘आलं का आपलं घर कायद्यात?’’

‘‘आलं,’’ ती म्हणाली. ‘‘सतरा बाहेर ठेवले.’’

मग तिनं खुंटीवरचा कासरा काढला, धम्मदीपाला कागद-पेन घ्यायला सांगितलं आणि चपला पायात सरकवल्या. पहिला अर्ज ग्रामपंचायतीत, सतरा घरांच्या नोंदीचा, आणि दुसरा मुंबईला, त्या नोंदीच्या अटीवर हरकतीचा. ग्यानबा म्हणाला, आता तरी जरा दम घे.

‘‘तुमाले घेता आला का मंग मी घेईन,’’ ती म्हणाली आणि निघाली.