सुपावरचा ठेका

माझी धाकटी जाऊ सुलभा सूप हातात घेतलं की आधी त्यावर बोटं वाजवायची आणि मग तांदूळ पाखडायची. सुपाला थापट्या मारू नयेत, घरात काही टिकत नाही, असं सासूबाई बजावायच्या. "मी नुसता हात लावला, ते आपलं आपण वाजलं," असं सुलू म्हणायची, आणि सासूबाई हसायच्या. माझ्यावर ओरडल्यावर त्या कधी हसल्या नाहीत. तिच्याविषयी माझ्या मनात जळफळ सुरू झाली ती तिथपासून.

गौरीची गाणी खरी माझी. मी चौथीपर्यंत शिकले, पण आईकडून ऐकलेलं एकही गाणं विसरले नाही. खेडजवळच्या आमच्या वाडीत बायका पाणवठ्यावरून गौर आणायला निघाल्या की शब्द मी सांगायचे, गाणं सुलू उचलायची. माझा आवाज फरशीवरून पत्रा ओढल्यासारखा. तिने तोंड उघडलं की वरच्या वाडीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. तिचा आवाज चांगला होता. ती होती तोवर हे मी कुणापाशी बोलले नाही.

माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, जहाजावर होता. त्याचं जहाज आफ्रिकेत घाना, नायजेरियाच्या बंदरांना लागायचं. दुसरे खलाशी घड्याळं आणायचे, याने कॅसेटी आणल्या. तिकडच्या एका गायकाने गावच्या ढोलांना गिटार जोडून नाव काढलं, असं त्याने सांगितलं. सुलूला त्या गाण्यांचा एक शब्द कळत नव्हता, पण दिवसभर तेच लावायची आणि सुपावर बोटांनी तो ठेका धरायची. एक दिवस त्या ठेक्यावर तिने आमचं गौरीचं गाणं म्हटलं. ते नीट बसलं. मी उठून गोठ्यात गेले.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका कंपनीने तिची कॅसेट काढायचं ठरवलं. एक गाणं कमी पडत होतं. सुलू वही घेऊन माझ्यापुढे बसली. माझ्या माहेरचं एक गाणं मी सासरी कधी काढलं नव्हतं, असं एक आहे एवढंच तिच्यापाशी बोलले होते, ते तिने मागितलं. मी दिलं, पण सरळ दिलं नाही. 'गवर आली दारी, पाय धुवा गं पोरी' असं ते आहे. मी 'पाय धुवा'च्या जागी 'ओटी भरा' सांगितलं. येणाऱ्या गौरीचे पाय धुतात, ओटी भरतात ती जाताना. म्हणजे गौर उंबऱ्यावर आली नाही तोच तिची पाठवणी. लोकांनी सुलूला हसावं, एवढंच मला हवं होतं.

कॅसेट आली. वर सुलूचा फोटो, खाली गाणी 'पारंपरिक'. म्हणजे मी कुठेच नाही. आणि कुणी हसलंही नाही. लोट्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये ते गाणं, खेडच्या स्टँडवर ते गाणं. वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी कान टवकारले, पण कॅसेटवर आहे म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणून गप्प बसल्या. पुढे दुसरी कॅसेट निघाली, मग सीडी. ढोलकी, घुंगरू आणि गिटार घेऊन ती स्टेजवर उभी राहायची. तिथेही सूप हातात असायचंच. घरी आली की त्याच सुपात तांदूळ पाखडायची आणि मला विचारायची, "आक्का, आज आमटी कसली?" तिने मिजास दाखवली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि गाणं गेलं, घोगरं बोलणं तेवढं राहिलं. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते.

"आक्का," ती म्हणाली, "येणाऱ्या गवरीची ओटी कोण भरतं? मी काय काल लग्न होऊन आले?"

मग गायलीस कशाला, असं मी विचारलं.

"'पाय' म्हटलं की लगेच संपतं. 'ओटी' लांब ओढता येते, मधे गिटार शिरते. तुमचं चुकीचंच बरं बसलं." पुढे म्हणाली, "अजून काय चुकीचं शिल्लक हाय काय?"

मी पेजेचा चमचा तिच्या तोंडाला लावला, म्हणजे बोलणं थांबेल. ती माझ्याकडे बघत पेज गिळत राहिली. दीड महिन्याने गेली.

पुढच्या वर्षी गौर दारात आली तेव्हा गाणं उचलायला कुणी नव्हतं. मी उचललं, माझ्या आईचं, जसं आहे तसं. शेजारची नवी सून मला हळूच म्हणाली, "आजी, चुकलात. तिथं 'ओटी भरा' हाय." साऱ्या बायका तिच्या बाजूने गायला लागल्या. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी गौरीच्या पायांवर पाणी ओतलं आणि तोंडाने 'ओटी भरा' म्हटलं, सुलू ओढायची तितकं लांब ओढून.