पाणकणीस नव्हतं तिथे

तलावात नवऱ्याचं डोकं एकदा वर आलं, पटका सुटलेला. मग आलं नाही. त्याने शिंगाला धरून नेलेला मेंढा पोहत काठाला लागला. धाकटा दीर आणि मी मागे, कमरेइतक्या पाण्यात होतो.

आम्ही मेंढरं पाळणारे. लोकर कातरायच्या आधी कळप तलावात धुतो. एकाने म्होरक्याला धरून पुढे व्हायचं, बाकीची मागे येतात. पाण्याची खोली काठीने कुणी बघत नाही, पाण्यात काय उगवलंय ते बघतात. पाणकणीस उभं असेल तिथे गुडघाभर, कमळाची पानं असतील तिथे छातीभर. वाट झाडीतून जाते. आधी हिवर, मग करंज, काठाला वाकलेल्या बाभळी. शेवटच्या दोन बाभळींमधून उतरायचं, हे सासऱ्याच्या वेळेपासूनचं.

त्या साली बाभळी होत्या, त्यांना सुगरणीचे खोपे होते. पुढचं पाणकणीस नव्हतं, त्यात हिंडणारी पाणकोंबडीही नव्हती. नुसतं मोकळं पाणी.

"इथं कणीस न्हाई यंदा," मी म्हटलं.

"कणसं बघायला आलीस का मेंढ्या धुवायला?" नवरा म्हणाला.

"वैनीला वेणीत माळायचं असंल," दीर हसला.

"गेलं कुठं ते तरी बघा."

"म्हशींनी खाल्लं असंल. चल, ऊन चढायलंय."

उन्हाळ्यात लोकांनी शेतात टाकायला तिथला गाळ मशीनने उपसून नेला होता. तेव्हा आम्ही कळप घेऊन लांब नदीकाठी होतो. गाळाबरोबर कणसाची मुळं गेली आणि खड्डा पावसाने भरला. हे आम्हाला नंतर कळलं.

नवऱ्याचं डोकं परत वर येईना, तसा दीर पुढे झेपावला. मी मागून त्याचा सदरा धरला.

"सोड वैनी, दादा हाय तिथं!"

"न्हाई सोडत. भावजी, तुमालाबी पवता येत न्हाई."

त्याने मला कोपर मारलं, ओठ फुटला. मी सोडलं नाही. तो रडायला लागला तेव्हा पाणी शांत झालं होतं. एक खंड्या बाभळीवरून सूर मारून मासा घेऊन गेला.

आजही मी शेळ्या घेऊन त्या झाडीतून जाते. लोक म्हणतात, म्हातारीचा जीव अडकलाय तिथे. शेळ्यांना पाला लागतो, म्हणून जाते. खड्ड्यावर अजून काही उगवलेलं नाही. पाण्यावर किडे पळतात, तेवढंच.

त्या दिवशी आम्ही तिघं पाण्यात उतरलो होतो. दीर आणि मी वाचलो.