बोट बघायची की समुद्र?

तिकीट काढायला आमच्याकडे फार वेळ लागत नाही. पण क्रूझवरून परत आलेला माणूस "सहज डोकावलो" म्हणत ऑफिसात शिरला, की दोन चहा झाल्याशिवाय उठत नाही! लोक तिकिटं घेऊन जातात आणि परत येऊन गोष्टी ठेवून जातात. तिकिटांच्या प्रती वर्षभराने रद्दीत टाकता येतात. गोष्टींचं तसं होत नाही. त्या वाढतच चालल्यात.

सावंतवाडीत माझं छोटंसं ट्रॅव्हल ऑफिस आहे. आधी मी नुसती रेल्वेची आणि विमानाची तिकिटं काढायचो. मग माझा शाळेतला दोस्त आग्नेल गावी परत आला. अठरा वर्षं तो क्रूझ बोटींवर केबिन स्टुअर्ड होता, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या लावणारा. गुडघे कुरकुरायला लागले तसा बोटीवरून उतरला आणि माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला.

"सुहास, आपल्या लोकांका बोटीर धाडूया."

मी म्हटलं, "अरे, आपल्या लोकांना बोट म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणारी होडी!"

"म्हणानच धाडूया," आग्नेल म्हणाला.

* * *

खरं सांगायचं तर क्रूझ बोट मीही पाहिली नव्हती. "विकूच्या आधी बघ तरी," म्हणत आग्नेल मला गोव्याला मुरगावच्या बंदरात घेऊन गेला. पास काढून आत गेलो. समोर एक पांढरीशुभ्र इमारत होती. खिडक्याच खिडक्या! मी त्या इमारतीच्या कडेने मान वाकडी करकरून पाणी शोधत होतो.

शेवटी न राहवून विचारलं, "बोट खंय रे?"

आग्नेल हसला नाही. म्हणाला, "मान वर कर."

मी वर पाहिलं. मजल्यावर मजला, मजल्यावर मजला. मोजता मोजता टोपी मागे पडली. पार वरच्या एका बाल्कनीत एक बाई कॉफी पीत उभी होती, अंगठ्याएवढी दिसत होती. तेवढ्यात भोंगा वाजला. छातीच्या आत वाजला म्हणा ना! आणि काहीतरी सरकायला लागलं.

मी आग्नेलचा दंड घट्ट धरला. मला वाटलं, आम्ही उभे आहोत तो धक्काच मागे चाललाय!

* * *

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे परब गुरुजी. रिटायर्ड हेडमास्तर. सोबत बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, पण बोलणार फक्त गुरुजी. त्यांना अगदी वरच्या मजल्यावरची, अगदी पुढच्या टोकाची खोली हवी होती.

आग्नेलने बोटीचा नकाशा उलगडला. "गुरुजी, वारो सुटलो की माडाचो शेंडो हलता की बुंधो?"

"शेंडा."

"मगे खोली बुंध्याकडची घेवा. खालच्या माळ्यार, मधोमध. पोटात ढवळणा नाय."

"आग्नेल, मी चाळीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलाय," गुरुजी म्हणाले. संपला विषय! शेंड्यावरची खोली बुक झाली.

बोट सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र जरासा खवळला. गुरुजी जे आडवे झाले ते दोन दिवस उठले नाहीत. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आल्याचा चहा दिला, आणि पडून राहा म्हणाले.

परत आल्यावर दोघं ऑफिसात आली. गुरुजी मोठ्या मनाचे. म्हणाले, "तुझं बरोबर होतं. भूगोल पुस्तकातला वेगळा."

मी विचारलं, "बाई, तुम्हाला नाही ना त्रास झाला?"

"माका काय होणार?" बाईंचे डोळे चमकले. "उडणारे मासे बघलंय! पाण्यातसून भायर येतत आणि चिमण्यांसारखे उडतत. सकाळी पुढे जावन उभी रवलंय ती जेवणाच्या टायमाकच आत. चाळीस वर्षांत ह्येंनी माका नकाशार सगळे समुद्र दाखवले. ह्ये दोन दीस निजले, म्हणान माका एक खरो दिसलो!"

* * *

आग्नेलचा दुसरा नियम म्हणजे बोट ज्या गावाहून सुटते, तिथे आदल्या दिवशी पोचायचं. "बोट म्हणजे एसटी नाय, हात केलो की थांबाक!"

इन्सुलीचे दोघे देसाई बंधू आमच्याकडे आले. काजूची फॅक्टरी आहे त्यांची. मुंबईहून सुटणारी बोट. थोरला ऐकणारा, तो आदल्या दिवशी मुंबईला गेला. धाकटा म्हणाला, "बोट संध्याकाळची. सकाळच्या विमानाने पोचतो. एक दिवस फुकट कशाला घालवू?"

सकाळचं विमान दुपारपर्यंत जमिनीवरच बसून राहिलं. धाकटा मुंबईत उतरून टॅक्सीत बसला, तोवर चेक-इन बंद. बंदराजवळ पोचला तेव्हा थोरल्याचा फोन आला.

"खंय पावलंस?"

"आयलंय, आयलंय! समुद्र दिसता. दादा, एक मोठी पांढरी बोट भायर पडता थंय."

"तिच्यातच आसंय मी!"

धाकट्याने टॅक्सी थांबवली. मग त्याने आग्नेलला फोन लावला. आग्नेलने कंपनीच्या माणसांना गाठलं, कागदपत्रं मेल केली, आणि पुढच्या बंदरात बोटीवर चढायची परवानगी मिळवली. नेहमी मिळते असं नाही, नशीब त्याचं.

आता पुढचं बंदर कुठलं? तर मुरगाव! इन्सुलीपासून दोन तासांवर. धाकटा आल्या पावली उलटा फिरला आणि दुसऱ्या दिवशी घामाघूम होऊन गोव्यात बोटीच्या शिडीपाशी पोचला. थोरला वरून ओरडला, "मेल्या, घराकडेच रवलो असतस तर येळार पावलो असतस!"

* * *

बोटीवर चढताना मोठ्या बॅगा आधी ताब्यात घेतात, त्या खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून आग्नेल बजावतो, "औषधां, पासपोर्ट, एक कपड्यांचो जोड हातातल्या पिशयेत. ज्याच्याशिवाय सांज जाणा नाय ता सगळा हातात!"

फिलोमिना टीचरनी हे मनावर घेतलं. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई, सूचना पाळण्यात पक्क्या. बहिणीबरोबर निघाल्या. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, जपमाळ, पासपोर्ट, कपडे, सगळं हातातल्या पिशवीत. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बांगडे! त्यांच्याशिवाय टीचरची संध्याकाळ जात नाही.

तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि अधिकाऱ्याने ती उघडली. वास पसरला. मागची रांग, टीचरच्या शब्दांत सांगायचं तर, "बायबलातल्या मोझेसासमोर समुद्र फाटलेलो तशी फाटली!"

अधिकारी फिलिपिन्सचा होता, तरणाबांड. त्याने पुडी नाकाजवळ नेली आणि डोळेच मिटले. मग हळूच इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, असे मासे माझी आई उन्हात वाळवते. पण बोटीवर बाहेरचं अन्न नेता येत नाही. टाकावं लागेल."

"टाकूचा नाय!" टीचर वर्गात ओरडायच्या तशा ओरडल्या. मग इंग्रजीत म्हणाल्या, "अन्न आहे ते. तुझी ड्यूटी संपली की बंदरावर बसून तू खा."

शेवटच्या दिवशी टीचर उतरत होत्या. तोच अधिकारी दारात उभा होता. त्याने कडक सॅल्यूट ठोकला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही पुन्हा कधी येणार?"

* * *

मालवणचा बाबल तांडेल आला तो लेकीच्या आग्रहाने. लेक दुबईला नर्स. तिने बाबांना क्रूझ भेट दिली, स्वतःही सोबत जायचं ठरवलं आणि आम्हाला फोन करून सांगितलं, "सगळ्यात मोठी बोट द्या, बाबांनी आयुष्यभर छोट्या होडीत हाडं झिजवलीत."

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. बाबलने पन्नास वर्षं होडी हाकली होती. लेकीने सांगितली ती मोठ्यात मोठी बोट आम्ही बुक केली. पाण्याच्या घसरगुंड्या, थिएटर, बर्फावर स्केटिंग, सगळं होतं तिच्यावर.

बाबलने त्यातलं काही बघितलं नाही. तो रोज पहाटे उठून डेकच्या कठड्याशी उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या लेकीला म्हणाला, "दुपारच्या आधी वारो फिरतलो. दक्षिणेचो येतलो." आकाश निरभ्र. लेक हसली. साडेदहाला कॅप्टनची घोषणा झाली. हवा बदलते आहे, उघड्या डेकवरच्या खुर्च्या आत घेतोय!

लेकीने धावत जाऊन एका ऑफिसरला हे सांगितलं. तो ऑफिसर खास बाबलला भेटायला आला, टोपी काढून. विचारलं, तुम्ही कशावरून ओळखलंत? बाबलने पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ता असा सांगाक येणा नाय. माझ्या वांगडा होडयेत पाच-सात वर्सां येवचा लागतला."

परत आल्यावर मी विचारलं, "तांडेलानू, बोट कशी वाटली?"

"बोट बरी आसा," बाबल म्हणाला. "पण पाण्याक हात लागणा नाय."

हे आग्नेलने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने आमची पद्धतच बदलली. आता कोणीही आलं, की बजेट, तारखा, जेवण हे सगळं नंतर. आधी तो विचारतो, "तुमका बोट बघूची आसा, की समुद्र?" बोट म्हणाले तर मोठी. समुद्र म्हणाले तर छोटी, पाण्याजवळची, लहान बंदरांत शिरणारी. सगळे चमकतात. मग विचारात पडतात. एक नवरा-बायको तर याच प्रश्नावरून भांडली आणि उत्तर ठरवायला घरी गेली!

* * *

पण लक्ष्मीकाकींना हा प्रश्न विचारताच आला नाही.

काकी दोडामार्गच्या बाजूच्या. घरची भातशेती, थोडे काजू. आल्या त्या भाचीला घेऊन. भाचीने बोटीचं नाव कागदावर लिहून आणलं होतं.

"माका हीच बोट होई," काकी म्हणाल्या.

"खंय जाता ती?" आग्नेलने विचारलं.

"खंयव जांव दे. माझो झील तिच्यार काम करता."

मुलगा विनायक. अकरा वर्षं बोटींवर, वर्षातून दोन महिने घरी. रोज नाही, पण बंदर लागलं की व्हिडिओ कॉल करतो. काकी म्हणाल्या, "फोनात तो दिसता. पण तो खंय आसा ता दिसणा नाय. माका ता बघूचा आसा."

"काय काम करता तो?"

"कपडे धुता."

आग्नेलने कागदावरचं बोटीचं नाव पुन्हा वाचलं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "लाँड्री पार तळाक असता. थंयच्या लोकांका पाहुण्यांच्या माळ्यार येवक मनाई. आवस वर, झील खाली. परवानगी नाय मिळाली तर तोंडव दिसाचा नाय." त्याने विनायकला कळवलं, बोटीवरच्या आपल्या एका जुन्या साहेबाला मेल टाकला. उत्तर आलं, बघू.

काकी भाचीला घेऊन निघाल्या. पुढचं भाचीने सांगितलं.

पहिले दोन दिवस विनायक दिसला नाही. काकी खोलीतला टॉवेल हातात घ्यायच्या, घडी निरखायच्या आणि परत ठेवायच्या. "ही तेची घडी न्हय," म्हणायच्या. तिसऱ्या दिवशी साहेबाचा निरोप आला. एक तास, वरच्या डेकवर.

विनायक इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये आला, अवघडून उभा राहिला. काकींनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, "चल, तुका बोट दाखवतंय! माका लिफ्ट येता आता!" आणि खरंच दाखवली! इथे नाच असतो, इथे अकरा तऱ्हेचे पाव मिळतात, हा पोहायचा हौद, याचं पाणी खारट नाही, मी चाखून बघितलं. विनायक आईच्या मागून चालत होता. अकरा वर्षांत तो पाहुण्यांच्या डेकवर असा कधी फिरला नव्हता. उन्हाने त्याचे डोळे बारीक झाले होते.

तास संपत आला तेव्हा काकींनी विचारलं, "तुझी खोली खंय?"

विनायकने बोटाने खाली दाखवलं.

"खिडकी आसा?"

"नाय गो आई, पाण्याच्या खाली आसा ती. थंय भायर नुसता पाणी."

काकी परत आल्या. आमच्यासाठी काजू घेऊन आल्या, बोटीचं भरभरून कौतुक केलं. विनायकच्या खोलीचं मात्र काही बोलल्या नाहीत.

परवा पुन्हा आल्या. विनायकला कामगारांच्या घरच्यांसाठीची सवलत मिळाली होती, आणि त्याने आईला पुन्हा बोलावलं होतं. आग्नेल खूश. नकाशा उलगडून म्हणाला, "काकी, ह्या टायमाक बाल्कनीची खोली घेवया. विनूनच सांगल्यान हा."

काकींनी नकाशावर हात ठेवला.

"खिडकी नसलेली मिळता?"

"मिळता. पण तिच्यात दीस कधी उगावलो ताव कळणा नाय, काकी."

"तीच दी," काकी म्हणाल्या.