साहेबांची भीती गेली

संस्थानच्या जंगलखात्यातल्या आमच्या साहेबांनी मुंबईहून फटफटी आणली. जव्हारच्या सपाट मैदानात ते आठवडाभर गोल गोल फिरले आणि तेवढ्यावर आम्हां कारकुनांना धाडस शिकवू लागले. "नजर लांब ठेवायची. चाकाकडे पाहिलं की पडलोच," असं सांगताना ते खुर्चीतच गुडघे आवळत. धुळीचा चष्मा तर कचेरीतही काढत नसत.

एकदा जामसरच्या वाटेवर ओहोळ आडवा आला. साहेबांनी भातकापणी चाललेल्या शेतातून चार माणसं वेठीला धरून आणवली. त्यांनी फटफटी बांबूंवर बांधून खांद्यावर घेतली. साहेब वरच बसून राहिले, इंजीनही त्यांनी धडधडत ठेवलं. जोडे हातात घेऊन मी मागून चाललो. पलीकडे टेकल्यावर साहेब म्हणाले, "पाहिलंत? पाण्याची भीती गेली."

कमरेपर्यंत भिजलेल्या एकाने हात जोडले. "सायेब, तुझा भ्या गेला ना? मंग आता आमाला नको बोलवू."

"आता तर वांगणीपर्यंत जायचं," साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तिकडचं पाणी खोल आहे. आठ माणसं सांगून ठेवा."

मी "होय साहेब" म्हणालो.