भिंतीकडे तोंड केलेली पाटी

वर्ध्याच्या एका कॉलेजच्या वसतिगृह व्यवस्थापकाने मला फसवले. त्याने गोवर लपवला आणि माझ्या मुलीचे डोळे गेले.

आम्ही धर्म बदलला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. वसतिगृहाच्या खानावळीला भाजी मी पुरवत असे. ते काम कोणी दयेने दिले नव्हते. सेलूकडच्या मळ्यांतून स्वतः माल उचलून, बाजारातल्या जुन्या व्यापाऱ्यांशी भांडून मी ते मिळवले होते. मुलगी पाच वर्षांची होती. घरी बघणारे कोणी नव्हते, म्हणून ती माझ्याबरोबर येई.

एका सकाळी खानावळीचा स्वयंपाकी म्हणाला, "बाई, उद्यापासून मिरच्या नोको आणू. निंबाचा पाला आणजो. कवळा."

"काऊन महाराज? मिरच्या दुसऱ्या कोणाच्या घेऊन राह्यला?"

"नाई वो. तसं नाई." आणि तो तांदूळ निवडायला लागला. एरवी हा माणूस वांग्याच्या देठावरून अर्धा तास वाद घालणारा.

मी सरळ व्यवस्थापकाकडे गेले. ते हसून म्हणाले, "विद्यार्थी आहाराचा प्रयोग करताहेत, बाई. उकडलेलं, अळणी. फोडणी बंद. कडुनिंबाची चटणी तेवढी चालू."

दुसऱ्या कुठल्या गावात मी हे ऐकून घेतले नसते. पण वर्ध्यात असे प्रयोग कायम चालत. कोणी मीठ सोडे, कोणी गूळ, आणि कडुनिंबाचा पाला तर इथली शिकली-सवरलेली माणसे आवडीने खात. म्हणून मी विश्वास ठेवला. वर सौदाही केला. "मिरची गेली, तर मंग भोपळा अन् दोडका माह्याकडूनच घ्या लागंन," म्हटले. त्यांनी लगेच मान डोलावली. इतक्या लवकर मान डोलावणारा माणूस काहीतरी झाकतो, हे मला बाजाराने शिकवले होते. त्या दिवशी ते मला आठवले नाही.

फोडणी बंद आणि कडुनिंब आत. लहानपणी आमच्या वस्तीत एखाद्या घरात असे दिसले, की आई आम्हाला त्या गल्लीतून जाऊ देत नसे. गोवर असो की कांजण्या, घरात देवी आली, असे म्हणायची. आता आम्ही देव्हारे काढून टाकले होते आणि देवीची गोष्ट मी मनातून पुसली होती. देवी पुसली ते बरेच केले. पण आईने गल्ली का बदलायला लावली, ते तरी मी लक्षात ठेवायला हवे होते.

मी रोज पाला नेला. आवारात स्नेहसंमेलनाचा मांडव चढत होता, पाहुणे येणार होते. स्वयंपाकघरामागच्या खोलीचे दार दिवसाही बंद असे आणि आतून खोकल्याचे आवाज येत. तीनचार दिवसांनी स्वयंपाकी माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरीले बाहेरच बसवजो, बाई. फाटकाजवळ."

माझे डोके फिरले. "काऊन महाराज? माह्या टोपलीतली वांगी आत चालतात, पोरगी नाई चालत?"

त्याची मान खाली गेली. "तसं नाई वो, बाई," एवढेच तो पुटपुटला. असली खाली गेलेली मान मी जन्मभर पाहिली होती. तिचा अर्थ मला ठाऊक आहे, शिवाशिवच, असे मला वाटले. मी मुलीला हाताला धरून मुद्दाम आत नेले आणि त्या बंद खोलीच्या ओट्यावर बसवले. तिथे लाकडाची एक मोठी, कोपरा तुटलेली पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. मी टोपली तिला टेकवली आणि मुलगीही तिला टेकून बसली, पाल्याच्या काड्यांशी खेळत. पुढे रोज तिथेच.

संमेलन झाले. त्यानंतर मुलीला ताप चढला, डोळे लाल झाले, कानामागून पुरळ उठले आणि अंगभर पसरले. पुरळ गेले, पण डोळे उघडेनात. उघडले तेव्हा त्यांत फूल पडलेले होते. भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना तिने विचारले, "माय, आभाळ भरून आलं का?"

मी कॉलेजात गेले. फाटकावर पाटी लटकत होती : गोवराची साथ आहे. लहान मुलांना आवारात आणू नये. तिचा एक कोपरा तुटका होता. तो कोपरा मी ओळखला. पाटीची मागची बाजू पाहिली, तर लाकडावर माझ्या टोपलीच्या चिखलाचा डाग होता.

स्वयंपाक्याने रडत रडत सांगितले, की त्या बंद खोलीत गोवर झालेले विद्यार्थी होते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पाटी लावायला सांगितली होती. पाहुणे परत जातील, म्हणून व्यवस्थापकाने ती मागे नेऊन ठेवली आणि गोवराचे नाव काढले तर घरी पाठवीन, अशी स्वयंपाक्याला तंबी दिली. पाला आणि बिनफोडणीचे जेवण देवीचे पथ्य म्हणून स्वयंपाक्याच्या हट्टाने झाले होते. प्रयोगाची गोष्ट व्यवस्थापकाने वरून रचली.

मी व्यवस्थापकासमोर उभी राहिले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, मुलीला बाहेर बसवा असं महाराजांनी तुम्हाला सांगितलं होतं ना? मग आत कोणी आणलं?"

ते वाक्य मी आजपर्यंत गिळू शकलेले नाही. आत मीच आणले, ते माझ्याकडे राहील. पण हे गृहस्थ आजही सभांमध्ये उभे राहून आरोग्यावर बोलतात. त्यांनी एकदा माझ्या घरी यावे, माझ्या मुलीसमोर बसावे आणि तिला सांगावे : अक्षरे रंगवून तयार होती, तर पाटीचे तोंड भिंतीकडे कोणासाठी केले?