खंडोबाच्या टाकातला डच स्वार

आमच्या मेहकर तालुक्यात तीन-तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली चांदीची नाणी जमवणारा माणूस एकच, आणि तो मी. हे मी छाती फुगवूनच सांगतो. लोकांनी प्लॉट घेतले, मी नाणी घेतली. बायकोनं सुरुवातीला कपाळाला हात लावला, मग तिलाही सवय झाली.

एक नाणं मात्र काही केल्या मिळत नव्हतं. तलवार उगारलेला घोडेस्वार असलेलं डच नाणं. पुस्तकातला त्याचा फोटो मला तोंडपाठ झाला होता.

चंपाषष्ठीला जानेफळला मावशीकडे गेलो. टाक म्हणजे देवघरातला चांदीचा पत्रा, त्यावर देव उठवलेला. मावशीनं खंडोबाचा नवा टाक घडवून आणला होता. जुन्यावरचा देव झिजला, म्हणून तो दुपारी नदीत सोडायचा होता. सहज हातात घेतला तर टाकाच्या मानानं चांगलाच जाड लागला. हळद पुसून पालथा केला, तर मागे मुकुटाची ढाल धरलेले दोन सिंह. पुस्तकातल्या फोटोतलं माझं नाणं ते हेच. मावशीच्या सासरी कितीएक पिढ्या त्या डच स्वाराला खंडोबा समजून भंडारा वाहत आल्या होत्या.

मीच नदीत सोडून येतो म्हणालो असतो, तर कोणी काही विचारलं नसतं. पण मी खरं काय ते सांगितलं, आणि वर मूर्खासारखा किंमत देतो म्हणालो. मावशी भडकली.

"देव इकाचा असते काय बे?"

मग तिनं टाक माझ्या हातातून काढून घेतला. आता हा नदीतच जाणार, असं मी धरून चाललो. पण तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

"कुठचा का असेना, आमच्या घरचा निवद खाल्ला त्यानं. घेऊन जाय, पण उपाशी नको ठेवजो."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका प्रदर्शनाला तो नेला, सकाळी नैवेद्य दाखवूनच निघालो. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांकडे तेच नाणं होतं, चकचकीत, स्वाराचे नाक-डोळे जागच्या जागी. माझ्या नाण्यावरचा हळदीचा पिवळेपणा ॲसिडनं काढून टाका, असं ते म्हणाले. नाण्याखालच्या चिठ्ठीवर देश, धातू आणि स्थिती लिहायची होती. स्थितीपुढे 'खराब' लिहा, हेही त्यांनीच सुचवलं. मला त्यांच्या नाण्याचा जराही हेवा वाटला नाही. मी पेन उघडलं आणि ठळक अक्षरात लिहिलं : पूजेतलं.