जिथं हाय, तिथं ओळ तोड

शिळफाट्याला चहाच्या टपरीशेजारी नंदाचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. दुकानाला नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. लोक सांगतात, काळ्या खिडकीवालीकडं जा. नवा माणूस मग बाहेर उभा राहून काळी काच शोधत बसतो. काच-बीच काही नाही. बाकीच्यांच्या कॉम्प्युटरवर रंगीबेरंगी चित्रं असतात, नंदाच्या कॉम्प्युटरवर एक काळा चौकोन असतो. त्यात पांढरी अक्षरं टाईप करून ती एंटर मारते आणि पाठ टेकून असं बघते की, जणू कुकरची शिट्टी व्हायचीच बाकी आहे.

ही विद्या तिनं लग्नाआधी रसायनीला मिळवली. तिथल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यावर ती कामाला होती. काट्यावरच्या कॉम्प्युटरचा माउस बिघडला होता आणि दुसरा आणू, आणू म्हणता म्हणता मॅनेजरची बदली झाली. दिवसभरातल्या ट्रकांची नोंद मशीन एकाच ओळीत काढायचं, एकाला एक चिकटून, मालगाडीच्या डब्यांसारखी. तेव्हा किशोर नावाच्या ऑपरेटरनं तिला सांगितलं की सेड नावाचा एक हुकूम आहे. अमुक शब्द दिसला की त्याच्यापुढं ओळ तोड, एवढंच त्याला सांगायचं. फायलीत शब्द दहा वेळा असो की हजार वेळा, तो तोडत जातो, दमत नाही. फक्त हुकमाच्या शेवटी इंग्रजी ‘जी’ लावायचा. जी नसला तर सेड ओळीतला पहिलाच शब्द तोडतो आणि गप बसतो.

“हाफिसातल्या मानसावानी हाय त्यो,” नंदा गिऱ्हाइकांना सांगते. “जी म्हनल्याबिगर दुसऱ्या कामाला हात लावत नाय.”

तेव्हापासून, जे काम बोटांनी दोनदा करावं लागतं ते करणारा माणूस नंदाला अडाणी वाटतो. शेजारची टपरीवाली सुनिता कप एकेक करून विसळते, त्यावरसुद्धा नंदाचं म्हणणं असतं. सुनिता म्हणते, बाई, तुझ्या त्या शेडला सांग की मंग कप विसळायला.

आता वाडीचं सांगायला हवं. नंदाचं सासर आवळवाडी, जुन्या हायवेच्या काठाला. वाडीच्या तोंडावरून एसटी रोज जाते, नुसती जाते. थांबते ती पुढच्या फाट्याला. तिथून हायस्कूलला जाणाऱ्या वाडीतल्या पोरी ट्रकांच्या कडेकडेनं उलट्या चालत येतात, आणि सकाळी तशाच चालत जातात. नंदाची तेजश्री यंदा नववीत जाणार होती. एकदा एका कंटेनरच्या वाऱ्यानं तिची छत्री उडाली आणि मागोमाग तीही गटारात बसली. त्या संध्याकाळी विलासनं, म्हणजे नंदाच्या नवऱ्यानं, टेंपोची चावी खुंटीला लावत निकाल दिला. एक तर गाडी वाडीशी थांबंल, नायतर पोरगी जूनपासून पळसदरीला मामाकडं. विलास एरवी भाजीत मीठ नाही हेसुद्धा दुसऱ्या दिवशी सांगणारा माणूस, पण बोललेलं मागं घेत नाही. नंदाला पळसदरीचं वाईट नव्हतं, तिचं माहेरच ते. पण माहेर आपल्याला जायला असतं, पोरगी पाठवून द्यायला नसतं. आणि रात्री भांडायला घरात दुसरं होतं कोण?

अशात कळलं की एसटीचे साहेब प्रवाशांच्या भेटीला वाडीत येणार. वाडीच्या वतीनं बोलणार सखाआबा.

सखाआबा नंदाचे चुलत सासरे. तरुणपणी कबड्डीत चढाईला जायचे. कर्जत-खालापूरच्या मैदानांवर त्यांच्या दमाचं नाव होतं. गुडघे गेले, कबड्डी सुटली, पण दम तसाच राहिला, आणि तो जिरवायला काही नाही म्हणून आबा भाषणं करू लागले. कागद हातात आला की आबांची चढाई सुरू. ओळीच्या आधी छाती भरून श्वास घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत सोडायचा नाही. ओळ संपली म्हणजे मध्यरेषा आली, तिथं पुढचा श्वास. मधे थांबायचं नाही, विचार तर अजिबात करायचा नाही; चढाईत विचार केला की पकड झाली. गेल्या गणपतीत कुणीतरी त्यांच्या हातात मोबाईलवरून काढलेला निरोप दिला, अख्खं पान, एकही ओळ तोडलेली नाही. आबा त्यात शिरले ते बाहेर येईचनात. आधी लाल झाले, मग जांभळे, आणि ‘सर्वांनी प्रसादाचा’ला पोचून खुर्चीत बसले. लिंबू सरबत पाजून त्यांना परत आणावं लागलं.

या वेळी आबांनी भाषण मोबाईलला बोलून लिहवलं. कमळ्यानं, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावानं, त्यांना सांगितलं होतं की वाक्य संपलं की ‘पूर्णविराम’ म्हणायचं. आबांनी ते एकदा करून बघितलं. मोबाईलनं ‘पूर्ण आराम’ लिहिलं. आबांनी परत म्हणून बघितलं नाही. आपण जन्मात कधी असलं कायतरी मधेच बोललो नाय, असं त्यांनी नंदाला सांगितलं, आणि सभेच्या दिवशी, सभेच्या अगदी तोंडावर, ते भाषण तिच्याकडं पाठवून समोर येऊन उभे राहिले.

नंदानं फाईल उघडली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकच ओळ.

“नंदे, तोड गं हिला कुठंतरी,” आबा म्हणाले. “नायतर माझा गणपती होईल परत.”

कुठंतरी म्हणजे कुठं? नंदानं दोनदा वाचलं आणि तिच्या लक्षात आलं की पूर्णविरामाची गरजच नाही. आबांची बहुतेक वाक्यं दोनच शब्दांवर संपतात. एक तर हाय, नायतर नाय. रस्ता हाय, गाडी नाय. पोरी हुशार हायत, चालायला जागा नाय. झालं तर मग. तिनं काळ्या खिडकीत हुकूम दिला: जिथं हाय दिसंल तिथं ओळ तोड, आणि वर एक कोरी ओळ सोड, म्हणजे आबांना मध्यरेषा दिसेल. नाय दिसला तरी तसंच. एंटर मारला. एकच ओळ तुटली. जी राहिला होता. तिनं जी लावला, परत एंटर, आणि भाषण जत्रेतल्या गुडदाणीसारखं कडाकडा तुटलं.

बाहेर विलास टेंपोचा हॉर्न वाजवत होता. नंदानं पडद्यावर एक नजर टाकली. काळ्या खिडकीत मराठी अक्षरं तशी कधीच सरळ दिसत नाहीत. काना इकडं, वेलांटी तिकडं, मधेच एखादं रिकामं वर्तुळ, खड्ड्यातल्या एसटीत बसून कुणी लिहिल्यागत. त्यामुळं आज एक वर्तुळ जास्त दिसलं ते तिला जाणवलं नाही. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून तिनं आबांच्या हातात दिली, आणि टपरी बंद करून आलेल्या सुनितासकट सगळे टेंपोत बसले.

देवळापुढं मंडप, मंडपात वाडी, आणि खुर्चीत साहेब. साहेबांचं नाव अजेय, कर्जतच्या जुन्या मास्तरांच्या घराण्यातले, वयानं तरुण. बोलणं असं की लाउडस्पीकरसुद्धा सरसावून बसावा. ‘बसा’ म्हणायचं असेल तर ते म्हणायचे, कृपया आपण स्थानापन्न व्हावं. शेजारी त्यांच्याबरोबर आलेला कंट्रोलर नवनाथ, तो तोपर्यंत आपोआप स्थानापन्न झाला होता.

आबा उठले. कागद हातभर लांब धरला, छाती भरली आणि चढाईला निघाले.

“महडच्या वरदविनाय.”

थांबले. श्वास घेतला.

“काला वंदन करून मी दोन शब्द बोलनार हाय.”

बायकांच्या बाजूला बसलेल्या नंदाच्या लगेच लक्षात आलं. विनायकाच्या पोटात नाय होता आणि सेडनं तो शोधून काढला होता. आता तिला एकदम सगळे आठवले, भाषणातल्या कुठल्या कुठल्या शब्दांत कोण कोण लपून बसलंय ते, आणि त्यातला एकेक आबांच्या दिशेनं येत होता.

“आज आपल्यात आगाराचे सहाय,” आबा म्हणाले. श्वास. “यक वाहतूक अधीक्षक साहेब आलेले हाय.” श्वास. “त आमी त्यांचं स्वागत करतो.”

लोकांना हा त ‘तर’ वाटला, ते बरंच झालं. साहेबांना मात्र वेगळंच ऐकू आलं. ते सहाय्यक वाहतूक अधीक्षक. आबांच्या एका श्वासात सहाय्यक मंडपाबाहेर गेला आणि अख्ख्या वाडीसमोर ते नुसते अधीक्षक झाले. त्यांनी क्षणभर नवनाथकडं बघितलं. नवनाथ वर पताका बघत होता. साहेबांनी शर्टाची कॉलर जरा सारखी केली आणि चूक दुरुस्त करायची राहून गेली.

“आमच्या पोरी हाय,” आबा पुढं निघाले. “स्कूलला चालत जातात.”

हे स्कूल ऐकून सुनितानं नंदाला कोपरानं ढोसलं, आबा आज विंग्लिशमंदी शिरले म्हणून. नंदाला शेवटची ओळ दिसत होती. आबांनी लिहवलं होतं, साहेब आमची एकच मागणी, हायवेवर वाडीच्या तोंडाशी गाडी थांबावी. सगळं भाषण त्या एका वाक्यासाठी होतं.

“साहेब, आमची एकच मागनी हाय.”

आबांनी या वेळी शेवटचा म्हणून जरा मोठाच श्वास घेतला.

“वेवर वाडीच्या तोंडाशी गाडी थांबावी.”

आणि ते बसले. टाळ्या पडल्या.

साहेब माइकपाशी आले. आपण अत्यंत मोजक्या शब्दांत व्यथा मांडलीत, असं त्यांनी आबांना सांगितलं. गाडी वेळेवर थांबावी ही प्रवाशांची माफक अपेक्षा आहे, त्यामागच्या भावना आपण समजू शकतो, इत्यादी इत्यादी. मग ते सरळ उभे राहिले.

“या वाडीच्या तोंडाशी गाडी वेळेवर थांबेल. हा माझा शब्द आहे.”

पुन्हा टाळ्या. आबांना नीटसं काही कळलं नव्हतं, पण त्यांनी सर्वांत जोरात वाजवल्या. विलास मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता, त्यानं नंदाकडं बघितलं. त्याला बरोबर कळलं होतं. साहेबांना वाटतंय की थांबा आहेच, गाडी तेवढी उशिरा येते. उद्या सकाळी गाडी नेहमीसारखी वाऱ्यावर निघून जाणार, अगदी वेळेवर.

नंदानं दोन्ही बाजूंनी हिशोब केला. उभं राहून चूक सांगावी तर साहेब म्हणणार, असं होय, मग रीतसर अर्ज करा. आणि अर्ज एकदा निघाला की पोरगी पळसदरीत बारावी होईल. गप बसावं तरी पळसदरीच. चूक तिची होती. पण साहेबांनी दिलेला शब्द आता वाडीचा होता, आणि तो अजून गरम होता. ती उठली.

“साहेब,” ती पदर सावरत म्हणाली, “सकाळची गाडी किती वाजता थांबंल, तेवडं सांगा. पोरींना यिऊन उभं राह्यला बरं.”

साहेबांना प्रश्न आवडला. त्यांनी माइक हातात धरूनच नवनाथकडं वळून वेळ विचारली. नवनाथ त्यांच्या कानाशी वाकला. पण कानाच्या अलीकडं माइक होता.

“साहेब, हितं थांबाच नाय,” असं देवळाच्या वरच्या भोंग्यातून पार हायवेपर्यंत ऐकू गेलं.

साहेबांनी माइक लांब धरला, मग जवळ घेतला. तांत्रिकदृष्ट्या पाहता, त्यांनी सुरुवात केली, नवीन थांबा हा विषय आपल्या अखत्यारीत नसून, त्या अनुषंगाने अधीक्षकांशी चर्चा करून…

“तुमीच ना वं अधीक्षक?” सुनितानं बसल्या जागेवरून विचारलं. तिनं भाबडेपणानंच विचारलं. सगळ्या वाडीनं आबांच्या तोंडून तेच ऐकलं होतं.

साहेबांनी पुन्हा कॉलर सारखी केली. आता सहाय्यकाला परत आणायचं म्हणजे मघाशी त्याला का जाऊ दिला, हे आलं. तेवढ्यात आबांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते गुडघ्यावर हात टेकत उठले.

“साहेब, थांबा नाय तर येळंवर थांबनार कशी? आदी थांबवा. येळंचं बगू मागनं.”

आबांचं हे एकच वाक्य असं होतं की जे कुणी तोडलेलं नव्हतं. मंडपभर हसू पसरलं, आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही ते आवरलं नाही. मग ते प्रथमच साधं मराठी बोलले. म्हणाले, शब्द दिलाय, बघतो मी. नवनाथला म्हणाले, विनंती थांबा बसतो का बघ इथं. नवनाथ म्हणाला, बसवला तर बसतो.

साहेबांनी वर जाऊन काय सांगितलं ते वाडीला कळलं नाही, पण जूनच्या आत वाडीच्या तोंडाशी पाटी लागली. आबांनी नंदाला एवढंच सुनावलं की ओळी तू भलतीकडं तोडल्यास, ‘वेवर’ला माझा अख्खा दम वाया गेला. नंदानं ऐकून घेतलं. आता ती हुकूम देताना हायच्या अलीकडं-पलीकडं मोकळी जागा असेल तरच तोड, असं सेडला बजावते.

पळसदरीचं नाव विलासनं परत काढलं नाही. तेजश्री पहिल्या दिवशी संध्याकाळी दुकानात आली ती तोंड फुगवूनच. गाडी अर्धा तास उशिरा आली म्हणाली, प्रार्थना चुकली, बाईंनी बाहेर उभं केलं. साहेबानं वेळेवर म्हणून सांगितलं होतं ना?

नंदा काळ्या खिडकीतून मान न काढता म्हणाली, “थांबली का?”

“थांबली.”

“मंग बस.”